थांबल्याची वेळ

टोलिडोत, रुग्णालयाच्या तळघरात माझं टेबल.
चौथ्या मजल्यावर औषध ठिबकतं,
इथे स्क्रीनवर त्याच्या ओळी होतात.

पहिल्या तासाला एक आकडा.
पुढच्या तासाला दुसरा, पण तीस मिनिटं उलटली तरच;
त्याआधी थांबलं तर ती मिनिटं पदरची.
कुपीत उरलेलं फेकलं, त्याचीही ओळ असते,
फेकलं असं कुणी लिहिलं असेल तर.

डोलोरेस वोझ्नियाक, वय एकाहत्तर,
दर तिसऱ्या मंगळवारी, खुर्ची सहा.
मी तिला पाहिलेलं नाही.
तिचं वजन मात्र मला पाठ आहे :
वजन घटलं की मात्रा घटते, मात्रा घटली की बिल.
जूनपासून बिल उतरतंय.
विमा कंपनीत कुणाला तरी
ही बरी बातमी वाटली असेल.

आज सुरू : ११.०४.
थांबल्याची वेळ : कोरी.

कोरी असली की तासन् तास ठिबकलेलं
कागदावर एका टोचणीएवढं होतं.
फार्मसीची नोंद बघून शेंबडं पोरही सांगेल किती वेळ लागला,
पण ते पोर ऑडिटला बसत नाही.
मी नेमून दिलेलं वाक्य पाठवते :
कृपया समाप्तीची वेळ नोंदवावी.
'तीन तास झाले ना?' असं विचारायचं नाही,
उत्तर तोंडात घालणं नियमाबाहेर.

पाचला तमेकाचा निरोप :
"१.५८. उशिरा नोंदवलंय. पंप कोकलत होता, गप्प केला.
दोन रात्रींनी तिचा डोळा लागला होता.
सुई चारला काढली."

पहिला एक, पुढचे दोन. ताळा जुळला.

पण १.५८ ते चार
खुर्ची अडलेली,
बाहेर कुणीतरी कोट मांडीवर घेऊन ताटकळलेलं,
आणि महिनाअखेर खुर्च्यांचा अहवाल निघतो.
निरोपातलं पहिलं वाक्य मी फाइलला जोडते.
मला विचारलंय तेवढंच.

चौथीत सोनटक्के बाई पट्टी आपटत म्हणायच्या,
हातचा विसरलीस, कार्टे.
तेव्हापासून मी तो बेरजेच्या डोक्यावर बारीक लिहिते.
आज पिवळ्या चिठ्ठीवर लिहिला : हातचे दोन.

घरी जाताना कागद मागे ठेवायचा नसतो,
फाडायच्या पेटीत टाकायचा.
टाकला.