अर्धी करंगळी

ओबानच्या बंदरामागे, दोरखंडांच्या दुकानाला लागून,
मर्डिना मॅकास्किलनं तीन नळ्या काउंटरवर मांडल्या.
ना बगलेतली पिशवी, ना खांद्यावरचे भोंगे;
नुसती नळी, आत लपलेली जिव्हाळी.

"वर्षभर हिच्याशीच बोलायचं," ती म्हणाली.
"बॅगपाइप नंतर. आधी बोटं."

काळ्या लाकडाची मी उचलली.
काय तिची तकाकी!
किंमत वाचली, आणि झोपलेलं मांजर ठेवावं
तशी अलगद खाली ठेवली.
आखूड होती ती पोरांची.
उरली लांब, प्लास्टिकची,
शाळेतल्या पट्टीसारखी बिनचेहऱ्याची.

मग तिनं माझा उजवा हात पाहिला.
फेरीबोटीच्या दोरानं
अठ्ठ्याण्णव साली नेलेलं करंगळीचं पेर.
लोक बघतात, आणि लगेच खिडकीबाहेर बघतात.
ती बघतच राहिली,
माप घेणाऱ्या शिंप्यासारखी.

"खालचं भोक हिच्यावर झाकणार नाही तुमच्यानं."
ड्रॉवर ओढून चौथी काढली:
कुणीतरी परत केलेली,
भोकांच्या कडा वाटीसारख्या खोलगट,
तोंडाशी दातांच्या खुणा.

फुंकलं.
बरणीत कोंडलेला भुंगा.
करंगळी चाचपडली, घसरली,
वाटीत बसली.
सगळ्यात खालचा सूर
थरथरत, पण आला.

"कितीला?"
"दात कुणाचे ते विचारणार नसाल, तर बारा पौंड."

बसमध्ये ती कोटाच्या आत धरून बसलो.
घरी इशबेल म्हणाली, "गोठ्यात वाजव."
गाईनं एकदा मान वळवली,
आणि परत चारा.