हरताळ

पोथीला पहिलं पान नाही,
म्हणून नाव नाही.
नोंदवहीत लिहिते: विषय – जनावरे (?)
वाईतल्या या खोलीत दुपारी दोनच्या सुमाराला
उन्हाची एकच पट्टी येते,
तिच्यात पान तिरकं धरायचं
आणि श्वास जरा बाजूला सोडायचा.

पान अकरा.
जे जे ओढून, हिसकून खातात
ते सगळे एका पंक्तीला:
वाघ, लांडगा, गिधाड, गाढव, उंट
आणि गाय.
दोनदा वाचलं. गायच.
शिंगं, खूर, पुण्य, काही बघितलं नाही लिहिणाऱ्यानं,
जीभ बघितली फक्त,
ती गवताला कशी वेटाळते आणि उपटते.
ज्याच्या हातातली पेंढी गाईनं ओढलीय
त्याला हे पटेल.

उकरून खाणारे वेगळे, टोचून खाणारे वेगळे.
कोंबडी आणि पोपट शेजारी नाहीत.

पान चौदा, खालून तिसरी ओळ:
शेळी आणि मेंढी.
कोरड्या रानात चरतात, पाणथळीतही चरतात,
राहणं ठरलेलं नाही,
सबब कुठल्याच वर्गात धरता येत नाहीत.
मी हसले, एकटीच.
म्हसवडच्या शाळेत माझं नाव घालताना
‘कायमचा पत्ता’ या रकान्यापुढं
मास्तरांनी बराच वेळ पेन उचलून धरलं होतं.
आबा म्हणाले, लिवा की,
पावसाळ्यात हितं, दिवाळी झाली की मेंढरांमागं
खाली कराडाकडं, पुढं जिथं चारा आसंल तिथं.
रकाना दोन बोटांचा होता.

नक्कल करणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर सापडतं:
रंगो त्रिमल, मुक्काम वाई, शके सोळाशे आणि काही.
पुढचं कसरीनं खाल्लंय.
मूळ संस्कृत तो निमूट उतरवतो,
पण समासात राहवत नाही त्याला, मोडीत लिहितो:
‘यास आपल्याकडे भेकर म्हणतात.’
सुसरीपाशी: ‘डोहात आहे. गुदस्ता वासरू नेले.’
खवल्या मांजरापुढे नुसतं:
‘मांजर नव्हे. मासाही नव्हे. पुसावे.’
कुणाला, ते नाही.
पुसलं का, तेही नाही.

घामातून जन्मणाऱ्यांचं पान, म्हणजे उवा, डास, बारीक किडे,
तेच जवळजवळ शिल्लक नाही.
कसर आपल्या घराण्याची माहिती
मुळापासून वाचून गेली असावी.
तिथून भोक सरळ आरपार:
मत्स्यातला त्स्य गेला, कूर्माचा रफार,
गजाचा ग.

फक्त पान एकोणिसावर ती वळसा घालून गेलीय.
तिथं पिवळा डाग आहे.
वटवाघूळ त्यानं आधी पाखरांत लिहिलं होतं,
अंड्यातून जन्मणाऱ्यांत.
मग कुणीतरी टोकलं असेल,
किंवा त्यालाच एखादं सापडलं असेल ओसरीवर पडलेलं,
पोटाला पिल्लू चिकटून,
पीत असलेलं.
बोटानं हरताळ फासला.
तो वाळेपर्यंत थांबला, आणि वर बारीक अक्षरांत:
वारेत वाढणारे.

हरताळ विषारी. कसर तोंड लावत नाही.
बरोबर लिहिलेलं किती तरी खाऊन झालं,
चुकलेली जागा तेवढी शाबूत.

पट्टीत पान अजून थोडं तिरकं केलं
की पिवळ्याखालचा जुना शब्द दिसतो.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, विचारलं तर
साहेब म्हणतील, शेरा.
शेऱ्याला जागा दोन बोटांची.
‘जीर्ण, कसर लागलेली’ एवढं लिहून
मी पोथी तांबड्या फडक्यात बांधते.

साडेसहाला घाटावर चहा घेताना
पलीकडच्या झाडांतून ती सुटतात,
कृष्णेच्या पाण्याला पोट टेकवून पुन्हा वर.
माझ्या मनात आधी येतं, पाखरं.
मग रंगोचा पिवळा हात
आडवा येतो.