बोटां काड

कुडचड्यात, रेल्वे फाटकापलीकडे माझं गॅरेज.
आत अठ्ठावन सालची ओपेल,
तिचा गिअरबॉक्स कालपासून गोणपाटावर निजलेला.
क्लच प्लेट रिव्हेटांपर्यंत झिजलीय.
केंकरे दारातून तिसऱ्यांदा सांगतात,
"बाबांनी हिला कुणाचा हात लागू दिला नाही."

खूण करायला मी पंच घेतला,
फ्लायव्हीलच्या मधली काजळी पुसली,
तर खूण होतीच.
चाकावर तीन ठिपके, समोर क्रँकवर तीन.

एक पुरतो.
तीन मारतं ते घाबरलेलं पोर.

सतरा वर्षांचा होतो. उस्ताद तापाने पडलेला,
आणि ड्रायव्हर बोस्त्यांव रात्रभर कंदील धरून:
पात्रांवला कळता कामा नये,
पहाटे गाडी दारात हवी.

लॉकवॉशरचे कान छिन्नीने सरळ केले.
इनासने दात्यांत पेचकस खुपसून चाक अडवलं,
मी पान्याला लटकलो. कड्‌.
दोन बोल्ट चार-चार आट्यांवर ठेवले;
हे चाक सांगून सुटत नाही.
डाव्या अंगठ्याचं नख
त्या रात्रीपासून वाकडंच उगवतं.

लाकडाने ठोकत गेलो, या अंगाने, त्या अंगाने,
मन कंदिलापाशी.
"बोटां काड!" इनास ओरडला,
आणि ते आलं,
सगळं वजन एकदम,
त्या दोन बोल्टांवर लोंबकळत.

"काय सापडलं?" केंकरे आत वाकले.
मी ठिपक्यांवर चिंधी टाकली.
मागचं सील गळतंय, म्हटलं.
बदलू.