राडारोडा

सोमवारी फाटक बंद असतं.
पाऊस पडला की चिखल होतो, तेव्हाही बंद.
पाटीवर तसं लिहिलंय, तरी लोक येतात,
गज धरून आत बघत राहतात.
मी हात हलवतो : उद्या या.

इर्मा स्पादाफोरा बाईंना हे सांगावं लागत नाही.
त्या मंगळवारी येतात, आठला पाच कमी असताना.
कापडी पिशवी, नवऱ्याचे जुने बूट,
गळ्यात चष्म्याची दोरी.
पहिल्या वर्षी मला वाटलं, पक्षी बघायला येत असतील.
तळ्यावर नेऊन काळ्या मानेचे हंस दाखवले मी.
"छान आहेत," म्हणाल्या,
आणि जमिनीकडे बघत पुढे गेल्या.

पुढे नदी आहे.
नदी म्हणावं तर पलीकडचा काठ दिसत नाही,
समुद्र म्हणावं तर पाणी गोडं,
रंग दूध घातलेल्या कॉफीचा.
ब्युनोस आयर्सची ही कड वाळूची नाही, विटांची आहे.
साबणाच्या वड्या झिजाव्यात तशा झिजलेल्या विटा,
काँक्रीटमधून मान काढलेल्या सळया,
संगमरवरी पायरीचा एक कोपरा,
आणि फरश्यांचे तुकडे, जागोजाग.

मी तेव्हा फोर्मोसात होतो, शाळेत, अनवाणी.
इथल्यांकडून ऐकलं ते एवढंच :
गणवेशातल्या कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली,
रेघ ओढली, म्हणाला, इथून मोटाररस्ता जाईल.
रेघेखाली जी घरं आली ती ट्रकांतून नदीत आली.
नवं शहर वसवणार होते म्हणे या भरावावर.
मग पैसे संपले, की गणवेश बदलले,
भराव तसाच पडून राहिला.

लावलं कुणी काहीच नाही.
नदीने गाळ आणला, गाळाबरोबर बी,
विलोची काटकी वाहत आली नि अडकली ती अडकलीच.
माणसाहून उंच गवत, पांढऱ्या तुऱ्यांचं.
सेइबो लाल फुलला.
न्हाणीघराच्या पाइपात सरड्याने संसार थाटला,
हातभर लांबीचा सरडा, ऊन खात पडतो,
घरपट्टी भरल्यासारखा निवांत.

"आमच्या स्वयंपाकघरात निळा तारा होता,
भोवती मोहरीच्या रंगाची किनार.
चुलीजवळच्या फरशीचा कोपरा उडालेला,
आईच्या हातून खलबत्ता पडला त्या दिवशी."
हे त्यांनी मला सातव्या वर्षी सांगितलं,
मातेची नळी पुसून माझ्या हातात देताना.
इथून दगडही बाहेर न्यायची परवानगी नाही,
हे मी त्यांना सांगितलं. सांगावंच लागतं.

मागच्या मंगळवारी शिट्टी वाजवून झाली,
सायकली गेल्या, पळणारे गेले,
वहीत एक माणूस कमी भरत होता.
शोधत गेलो.
बाई काठावर बसल्या होत्या, बूट काढून,
पाय एका फरशीवर. निळा तारा. मोहरीची किनार.
मला काय बोलावं सुचेना.
"मिळालं!" असं काहीतरी ओरडलो असेन.

"छे. कोपरा शाबूत आहे बघ.
सगळ्या गल्लीने एकाच दुकानातून घेतल्या होत्या.
ही इतुरालदेंची. पाय टाकताच कळलं,
त्यांच्याकडची जमीन नेहमी थंड असायची."

फरशीच्या मधोमध सेइबोचं मूळ शिरलेलं.
पाण्यात कोइपो डोकं वर काढून बघत होता,
मिशा ओल्या, शेजाऱ्यासारखा आगाऊ.
अंधारायला आलं होतं. माझी बस होती.
बाईंनी एकेक बूट सावकाश चढवला.

फाटकाशी त्यांनी आपणहून पिशवी उघडली :
थर्मास, रुमाल, आत काही नाही.
कुलूप घालताना म्हणाल्या,
"आमची शिडी नेली होती त्यांनी, रंग द्यायला.
आठवड्यात परत देतो म्हणाले होते."
थोडं थांबून,
"चांगली लाकडी शिडी होती."