मानस

रायबंदरच्या रस्त्याकडेला उरलीसुरली मिठागरं.
बस तिथून जाते तेव्हा मला माझं एक जुनं उत्तर आठवतं:
बुद्धी दोन प्रकारची, एक वाहणारी, एक साकळलेली. उदाहरण द्या.
मी खाडीचं पाणी आणि मीठ लिहिलं होतं.
परीक्षकाने शेजारी लाल प्रश्नचिन्ह काढलं.

फेरीबोटीत मांडीवर काळी पेटी.
आत नऊ ठोकळे, लाल-पांढरे. चित्रांची वही. स्टॉपवॉच.
आणि एक तक्ता, ज्यात कुठल्याशा शहरातली बाराशे मुलं
सरासरी होऊन बसलीत,
हाताची घडी, तोंडावर बोट.

दिवाडी. मुख्याध्यापिकेचं टेबल.
समोर आजोबांचं नाव लावलेला शांबा, वय नऊ वर्षं चार महिने,
चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला.
आईला सांगितलंय, आत यायचं नाही.
ती उंबऱ्याबाहेर उभी आहे, पदर तेवढा आत.

होडी आणि सायकल, दोन्हींत सारखं काय?
"होडी बाबाची. सायकल विकली."
शून्य.
आकडे उलटे म्हण. तीनपर्यंत आला, चौथ्याला छताकडे बघू लागला.
वाटेत कुणाचं पत्र सापडलं तर काय करशील?
"पत्र म्हणजे?"

मग ठोकळे. नक्षी जुळवायची, साठ सेकंदांत.
तो मांडतो, मोडतो, नखाने कडा तपासतो,
दोन ठोकळ्यांमधल्या फटीला डोळा लावतो.
"हांगासून पाणी येतलें," म्हणतो.
कुठलं पाणी?
"मानशीचं."

इथे मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं लाकडी दार.
भरती चढली की पाण्याच्याच भाराने मिटतं,
सुकती लागली की आपसूक उघडतं.
त्याचा बाप रात्री तिथेच निजतो.
मानसशास्त्राच्या दोन पदव्या माझ्याकडे,
दोन्हींत हे दार कुणी दाखवलं नव्हतं.

त्रेसष्टाव्या सेकंदाला नक्षी पुरी झाली.
नियमाने शून्य.
मी खिडकीबाहेर बघितलं आणि साठ लिहिलं.

आता कुणी म्हणेल, पोर हुशार, पेटीच खुळी.
मलाही तसं म्हणायला आवडलं असतं.
पण तिसरीतलं पोर "कमळ" वाचताना घामाघूम होतं,
दुकानातून साखर आणतं, उरलेले पैसे तिथेच ठेवून येतं,
आणि वर्गातली मुलं त्याला काय हाक मारतात
ते मी अहवालात लिहिणार नाही.

बेरीज केली. सत्तर.
सत्तरच्या खाली असता तर कागद झाला असता,
कागदामागून आठवड्याला दोनदा वेगळ्या बाई,
थोडे पैसे, परीक्षेत जादा वेळ.
बरोब्बर सत्तरला एक शेरा मिळतो: लक्ष द्यावे.

"बाये, उणें पडलें मगो?"
आईने दारातूनच विचारलं.
एकवीस वर्षांत आईबापांनी मला एकच विचारलंय, किती जास्त.
पोराला काही कमी पडू नये म्हणून
लोकांकडची भांडी घासणारी ही बाई
आज कमी पडावं म्हणून नारळ बोलून आली होती.

तक्त्याखाली बारीक अक्षरांत असतं:
चार-पाच इकडे, चार-पाच तिकडे, एवढी चूक धरावी.
इतकी वर्षं मी ती ओळ धरली नाही.
आज ते तीन सेकंद माझ्याकडे बघत होते,
मी दयेने दिलेले.

साठ खोडून त्रेसष्ट लिहिलं.
खाडाखोडीशेजारी सही लागते, ती केली.
एकोणसत्तर.
आई हसली. मग हसल्याबद्दल तिने तोंडाला पदर लावला.

"हांव जिखलों?" शांबाने विचारलं.
हो म्हटलं.
ठोकळे पेटीत भरले. मोजले. आठ.
पुन्हा मोजले.
त्याची डावी मूठ घट्ट मिटलेली होती.
धक्क्यावर फेरीचा भोंगा झाला.
मी पेटीचं झाकण लावलं.