कमाल नोंद

मुसफ्फ्याच्या शेडमध्ये नवं यंत्र आलं
तेव्हा पहिल्या दिवशी जो तो विचारायचा,
चालू आहे का?
बंदुकीच्या टोकाशी पांढरा ठिपका,
वायूची बारीक फुस,
आणि दोन पत्रे असे सांधलेले
की कुणी कापले होते हेच विसरावं.
आवाज म्हणाल तर बाजूच्या चिलरचा,
रात्री घरातला फ्रिज घरघरतो तसा,
आणि वर धूर ओढणाऱ्या पंख्याचा.

माझं काम मोजण्याचं.
फोमची टोपी घातलेला मीटर धरायचा
माणसाच्या कानाशी, हातभर लांब,
आकडा थरथरायचा थांबला की लिहायचा.
पंख्याखाली अठ्ठ्याहत्तर. चिलरपाशी अडुसष्ट.
हमदुलेचाचांच्या उजव्या कानाशी एकाहत्तर.
गेल्या साली इथेच ग्राइंडर होते,
जुन्या फायलीत माझंच अक्षर आहे: एकशे दोन.
वाकडं आलंय,
टेबलसुद्धा थरथरत होतं तेव्हा.

डेसिबलचा हिशोब वाण्याचा नव्हे.
तीन चढले की ऊर्जा दुप्पट,
आणखी तीन, पुन्हा दुप्पट.
एकतीस उतरले म्हणजे किती,
ते मी डब्याच्या झाकणावर बोटाने करून पाहिलं:
हजारातला एक भागही उरला नाही.

त्या उरल्यासुरल्या भागात
हळूहळू गोष्टी ऐकू यायला लागल्या.
बिजू दातांतून शीळ घालतो.
डंबरबहादूरचा खोकला कोरडा आहे, दाखवायला हवा.
दुपारी छताचा पत्रा तापला की
एकेक खिळा टण् करून बोलतो.
आणि हमदुलेचाचांचा फोन.

तो आधीही लागायचाच, रोज साडेबाराला,
स्पीकर पूर्ण चढवलेला.
पण ग्राइंडरच्या आडोशाला
ते त्यांचं खासगी बोलणं होतं.
आता अख्ख्या शेडला दापोलीचं घर ऐकू येतं,
कुकरच्या शिट्ट्या, कोंबड्या, दाराची कडी.
नातीने विचारलं,
"नाना, आज सुट्टी हाय काय? आवाज नाय येत."
चाचा म्हणाले, "होय, जेवलो."
ती थांबली.
आम्ही सगळे आपापल्या डब्यात बघत राहिलो.

एकवीस वर्षं इथे सगळेच ओरडून बोलायचे.
कोण किती बहिरा
हे कळायला आधी शांतता लागते,
आणि ती महाग असते, जर्मनीहून येते,
दोन वर्षांच्या वॉरंटीसकट.

तिसऱ्या दिवसापर्यंत
"चालू आहे का?" विचारणं सगळ्यांनी सोडलं.
चाचांनी नाही.
ते चिलरच्या पत्र्यावर तळवा ठेवतात,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
मग मान हलवतात, चष्मा लावतात, बंदूक उचलतात.
त्यांचा सांधा माझ्या नखाला लागत नाही.

आज मी शेवटची नोंद घेत होतो.
"काय सांगतंय तुजा डबा?"
एकाहत्तर.
"किती?"
एकाहत्तर, चाचा.
त्यांनी कान पुढे केला, हसरा,
चूक माझीच असल्यासारखा.
मी ओरडलो.
बिजूची शीळ तुटली.
चाचा खूश झाले, "मंग बरा हाय की!"
आणि कामाला लागले.

मीटरमध्ये एक खाचरा असतो,
दिवसातला सर्वांत मोठा आवाज
तिथे अडकून राहतो, पुसेपर्यंत.
तिथे आता अठ्ठ्याऐंशी आहेत.
मर्यादेच्या वर तीन.
फॉर्ममध्ये पुढचा रकाना: आवाजाचा स्रोत.
त्याखाली: उपाययोजना.

पेन उघडं ठेवून बसलोय.
बाहेर टँकर रिव्हर्स घेतोय, पीं पीं पीं,
चाचांची पाठ त्याच्याकडे आहे.
मी उठतो.