उभारी

आमच्या घरात मारामारीचा हिशेब
तोंडीच असतो, उसनवारीसारखा.
सूर्यभानबुवांनी चिंचखेडच्या नाल्यात किती चोर लोळवले?
माझा बाप सांगायचा, पाच.
बापाचा थोरला भाऊ, सात.
मागच्या रोडग्याच्या पंगतीत
वांग्याची भाजी दुसऱ्यांदा वाढेपर्यंत
अकरा झाले.

अवसेची रात्र. गाडीत कपाशी,
कपाशीवर झोपलेली नऊ वर्षांची सुगंधा, माझी आत्या.
चोरांनी बैलांची वेसण धरली
तशी बुवांनी गाडीची उभारी उपसली.
(उभारी म्हणजे काय, माझा मुलगा पुण्याहून विचारतो.
मी कागदावर गाडी काढतो,
चाक काढता काढता बैलच विसरतो.)

शिकवलेलं उस्ताद रज्जाकमियांनी.
आमची माती काळी, चिकट, कुस्तीला निकामी,
म्हणून तांबडी माती तीन गाड्या भरून आणवली,
तेल-ताक पाजून मळली.
लाठी हातानं नाही, टाचेनं फिरते, म्हणायचे.
आणि खारपाणाचं पाणी पिणाऱ्याला
घाम वेगळा खारट येत नाही, असंही.
याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आत्या तूर निवडत होती.
विचारलं, खरंच किती होते गं?
सुपातून मान वर न करता म्हणाली,
"दोन. त्यातला एक तं पोट्टाच होता,
मिसरूड बी नोयतं फुटलं.
बुढ्यानं उभारी फिरवली
ते पयले बैलालेच लागली.
बैल उधळले.
मंग काय, चोर, बैल, गाडी, बुढा,
सारे एकाच दिशेनं पळू रायले."

मी हसलो. ती नाही हसली.

"त्या पोट्ट्याचा पाय चाकाखाली आला.
बुढ्यानं त्याले उचलून गाडीत घातलं,
माह्या बाजूले निजवलं.
दर्यापूरच्या दवाखान्यापर्यंत
तो कपाशी मुठीत धरून रडे.
एक बोंड त्यानं माह्याच हातात देल्लं,
काहून देल्लं त्याले मालूम.
तेवढी कपाशी लाल झाली म्हणून
जिनवाल्यानं भाव पाडला."

हे कधी कुणी सांगितलं नाही, मी म्हटलं.
"सांगतो नं मी. दर साली सांगतो.
तुमी गड्यायच्या पंगतीत बसता."
थोड्या वेळानं, खडा फेकत,
"लाठी येत होती बुढ्याले, खोटं नाही.
आंगनात फिरवे तवा आमी तांदूळ फेको,
एक दाना आत नोयता जात.
पन नाल्यात अंधार होता.
आन बैल आपले होते."

उभारी अजून गोठ्यात आहे.
तिच्यावर खाच आहे एक. तलवारीची, असं घर म्हणतं.
मी बोट फिरवून पाहिलं. दोराची असावी,
बारा वर्षं एकाच जागी घासलेल्या.

आता माझं सांगतो, कारण सांगायलाच हवं.
मूर्तिजापूरच्या स्टँडवर, खिडकीतून टाकलेल्या
रुमालावरून भांडण झालं.
मी मागचा पाय रोवला, टाच उचलली,
घराण्यात ऐकलं होतं तशी.
एक थप्पड बसली. मलाच.
चष्म्याची काडी सीटखाली गेली,
आणि सीटही गेली.

काल पुतण्याच्या हळदीला पोरं सांगत होती,
काकानं एसटीत दोघं आडवे केले,
कंडक्टर मधात पडला म्हणून वाचले.
मी तोंड उघडलं.
पलीकडच्या बायांच्या पंगतीतून आत्या
माझ्याकडेच पाहत होती,
हातात घास तसाच.

वाढपी पातेलं घेऊन आला.
भाजी?
मी म्हटलं, वाढ.